बिल्ला कोणाच्या नावाचा?

अमेरिकेत साउथ कॅरोलायना राज्यातल्या चार्लस्टन शहरात, तिथल्या महाविद्यालयाच्या आवारात, २०२१ साली उत्खननात तांब्याचा एक लहानसा बिल्ला सापडला. त्यावर चार गोष्टी ठोकून उमटवलेल्या आहेत : शहराचे नाव, ७३१ हा क्रमांक, ‘सर्व्हंट’ हा कामाचा प्रकार आणि १८५३ हे साल. ज्याने किंवा जिने तो वर्षभर वागवला, त्या माणसाचे नाव मात्र त्यावर नाही. ते विसरून राहिलेले नाही. मालकाने आपला गुलाम दुसऱ्याकडे मजुरीला धाडायचा म्हणून नगरपालिकेकडे त्या वर्षाचे शुल्क भरले, त्याची ती धातूतली पावती होती. व्यवहार मालक आणि नगरपालिका यांच्यातला. गुलाम हा त्या व्यवहारातला माल, आणि मालाला क्रमांक पुरतो. दर वर्षी नवा बिल्ला, नवा आकडा. म्हणूनच १८५३ सालचा ७३१ वा चाकर कोण होता हे त्या बिल्ल्यावरून आज कुणालाही सांगता येत नाही.

ही व्यवस्था कशी चालायची हे नीट पाहण्यासारखे आहे, कारण ती बेबंद क्रौर्याची नव्हती, नेटक्या कारभाराची होती. चार्लस्टनला १७८३ मध्ये नगरपालिका मिळाली आणि लगेच बिल्ल्यांचा नियम आला. तेव्हापासून यादवी युद्ध संपून गुलामी नष्ट होईपर्यंत, म्हणजे १८६५ पर्यंत, मधले काही खंड सोडता तो चालला. गुलामीच्या प्रदेशातल्या इतर शहरांनीही असे नियम केले होते, पण आज हाती असलेले बिल्ले जवळजवळ सगळे चार्लस्टनचेच. हमाल, चाकर, कारागीर, कोळी, फळविक्या असे कामाचे वर्ग ठरलेले होते आणि वर्गाप्रमाणे शुल्क कमीजास्त होते. बिल्ल्याशिवाय मजुरी करताना सापडलेल्या गुलामाला कोठडीत टाकत, मालकाला दंड होई, आणि बिनबिल्ल्याचा माणूस कामावर ठेवणारालाही. गोऱ्या कारागिरांची वर्षानुवर्षे तक्रार होती की हे भाड्याचे सुतार-गवंडी आमची मजुरी पाडतात. बिल्ल्याने नगरपालिकेला उत्पन्न मिळाले, गोऱ्या कारागिरांच्या तक्रारीवर काहीतरी केल्याचे दाखवता आले, मालकाला आपली मिळकत सुरक्षित भाड्याने देता आली आणि मजूर भाड्याने घेणाऱ्याला निर्धोक माणूस मिळाला. व्यवहारातल्या प्रत्येकाची सोय पाहिली गेली. काम करणाऱ्याच्या सोयीचे एकही कलम त्यात नव्हते.

मजुरी कुणाच्या हातात पडायची? स्वतः गुलामी भोगलेल्या फ्रेडरिक डग्लस यांनी ते आपल्या आत्मचरित्रात स्पष्ट सांगितले आहे. बाल्टिमोरच्या गोदीत ते जहाजाच्या फटी बुजवण्याचे कुशल काम करत. आठवड्याची मजुरी शनिवारी मालकाच्या हातावर ठेवायची, मग मालक खुशीने एखादे नाणे परत देणार. पुढे त्यांनी ‘स्वतःचा वेळ भाड्याने घेण्याची’ परवानगी मिळवली. काम मिळो न मिळो, मालकाला आठवड्याला तीन डॉलर द्यायचे; जेवण, कपडे, अवजारे स्वतःच्या खर्चाने. १८३८ मध्ये डग्लस पळाले. बाल्टिमोरमध्ये त्यांच्या छातीवर तांब्याचा पत्रा नव्हता, पण हिशेब चार्लस्टनचाच होता.

या इतिहासातून मला एक कसोटी हाती लागते आणि हा लेख तिच्यासाठीच आहे. मजुराच्या अंगावर, खिशात किंवा फोनमध्ये ओळखीची कोणतीही खूण असली, तर तिला तीन गोष्टी विचारायच्या. नोंद कुणाच्या नावाने आहे? मजुरीचा पैसा आधी कुणाच्या हातात जातो? आणि ती नोंद रद्द करण्याचा अधिकार कुणाला आहे? तिन्हींचे उत्तर मजूर सोडून दुसराच कुणी असेल, तर ती खूण मजुराची ओळख नसून त्याच्यावरच्या ताब्याचा कागद आहे, मग ती कितीही चकचकीत प्लॅस्टिकची असो. नाशिकच्या वाचकांपुढे हे मांडण्याचे कारण असे की हे प्रश्न या जिल्ह्याला नवे नाहीत. इथे ते दीडशे वर्षांत वेगवेगळ्या रूपांत येऊन गेले आहेत आणि आज द्राक्षबागेत आणि कारखान्याच्या फाटकावर पुन्हा उभे आहेत.

पहिली आठवण शरणपूरची. आज शरणपूर रोडवरून जाताना दुकाने आणि दवाखाने दिसतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला चर्च मिशनरी सोसायटीने तिथे वस्ती वसवली. हिंदी महासागरात गुलामांची वाहतूक करणारी गलबते ब्रिटिश आरमार पकडत असे आणि त्यांतली आफ्रिकन मुले मुंबईत उतरवत असे. काही घरोघरी चाकरीला लागली, काही मिशनच्या शाळांत गेली. त्यांच्यासाठी शरणपूरला ‘आफ्रिकन असायलम’ चालवले गेले. लिहिणे-वाचणे आणि सुतारकाम, लोहारकाम यांसारखे हातचे कसब तिथे शिकवत. या मुलांपैकी काही जण मिशनरी-प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन यांच्या आफ्रिकेतल्या प्रवासात त्यांच्याबरोबर गेले. १८७३ मध्ये लिव्हिंगस्टन आजच्या झांबियात वारले तेव्हा झाडाच्या खोडावर त्यांचे नाव आणि तारीख कोरणारा जेकब वेनराइट नाशिकला शिकलेला होता. मृतदेह महिनोन्‌महिने वाहून किनाऱ्यावर आणणाऱ्यांत तो होता आणि १८७४ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेत अंत्यविधीला पेटीचे टोक धरणाऱ्यांतही होता. पुढे १८७५ च्या सुमारास मोंबासाजवळ फ्रेअर टाउन ही मुक्त गुलामांची वसाहत उभी राहिली, ती उभारण्यात नाशिकहून गेलेल्यांचा हात होता. पूर्व आफ्रिकेच्या इतिहासात हे लोक ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणून ओळखले जातात.

याचा अभिमान बाळगताना एक गोष्ट लपवू नये. या मुलांची नावे मिशनने ठेवली, ती कुठे राहतील आणि पुढे कुठे जातील हेही बहुतांशी मिशनने ठरवले. जेकब वेनराइट हा याओ जमातीतला. त्याच्या आईने त्याला काय हाक मारली असेल ते नाशिकच्या शिक्षणाने जपले नाही. तरी बिल्ल्याच्या चाकरात आणि त्याच्यात एक मोठा फरक होता. त्याच्या हातातले कसब त्याचे होते. त्याला लिहिता येत होते, तो स्वतःच्या नावाने सही करत होता. तो गुलामांच्या गलबतावरून सुटलेला होता, आणि त्याने लिहिलेली रोजनिशी आज इतिहासकार वाचतात. माणसाची नोंद त्याच्या स्वतःच्या हाती आली की काय बदलते याचा पुरावा यापेक्षा ठसठशीत क्वचितच सापडेल.

इथे कुणी म्हणेल, हे सगळे समुद्रापलीकडचे; आपल्याकडे गुलामगिरी नव्हतीच. हा समज कागदपत्रांपुढे टिकत नाही. पेशवाईत वाड्यांवर राबणाऱ्या कुणबिणी विकत घेतल्या आणि दिल्या जात. १८४३ च्या कायद्याने कंपनी सरकारच्या न्यायालयांनी माणसावरची मालकी मान्य करणे थांबवले, आणि माणसांची खरेदी-विक्री हा शिक्षापात्र गुन्हा ठरला तो पुढे दंडसंहिता आल्यावर. पण याहून खोल गेलेली व्यवस्था विकत घेण्याची गरजच न पडणारी होती : महार वतन. गावाचा आणि सरकारचा निरोप, टपाल, सारा, वाटाड्येपणा, मेलेली जनावरे ओढणे, गावात आल्यागेल्याची वर्दी. कामाला वेळ नाही, मोजमाप नाही, सुट्टी नाही. वतनदार हजर नसेल तर त्याच्या घरातल्या दुसऱ्या कुणालाही कामावर उभे राहावे लागे. मोबदला म्हणजे तुकडाभर इनाम जमीन आणि गावाकडून मिळेल ते बलुते. येसकराच्या, म्हणजे पाळीवर असलेल्या महाराच्या, हातातली घुंगराची काठी ही त्या नेमणुकीची गावाला दिसणारी आणि ऐकू येणारी खूण होती. तिच्यावर कुणाचे नाव नसायचे. ती पाळी असेल त्याच्या हातात जायची.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या व्यवस्थेचे अर्थकारण उकलले. १९२८ मध्ये त्यांनी मुंबई विधिमंडळात वतन कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक आणले. त्यांचे म्हणणे सरळ होते : काम सरकारचे असेल तर सरकारने पगार द्यावा, आणि जमीन महारांची असेल तर ती रयतावारी करून त्यांच्या नावे करावी, काम सक्तीचे आणि मोबदला गावाच्या मर्जीचा, हे चालणार नाही. ते विधेयक पुढे सरकले नाही. १९४१ च्या ऑगस्टमध्ये याच जिल्ह्यात, सिन्नरला, महार, मांग आणि वेठियांची परिषद भरली. सरकारने वतनी जमिनींवरचा जुडी या कराचा बोजा वाढवला होता आणि आंबेडकर त्याविरुद्ध बोलले. मजुरी पुरेशी देत नाही ती नाहीच, वर त्याच जमिनीवर कर घ्यायचा, हा प्रकार चार्लस्टनच्या वार्षिक शुल्काशी पडताळून पाहावा. तिथे मालक भरायचा, इथे राबणाराच. कनिष्ठ गावकामगारांची वतने कायद्याने संपायला १९५९ चा ऑगस्ट उजाडला, म्हणजे स्वातंत्र्यानंतर बारा वर्षे. आंबेडकरांची मागणी वतनदाराला चांगली वागणूक मिळावी एवढ्यावर थांबणारी नव्हती. ती नोंद बदलण्याची मागणी होती : पगारपत्रकात माणसाचे नाव, सातबाऱ्यावर माणसाचे नाव.

ही नोंद उलटवता येते हे महाराष्ट्राने प्रत्यक्ष करून दाखवले आहे, आणि त्याबद्दल आपण पुरेसे बोलत नाही. ‘दीवार’ चित्रपटातल्या गोदी कामगाराचा ७८६ क्रमांकाचा बिल्ला सगळ्यांना ठाऊक आहे, गोदी कामगारांच्या कामाचे नियमन करणारा कायदा १९४८ साली झाला हे थोड्यांना. बाजारपेठांमधल्या हमालांना त्यानंतरही दोन दशके थांबावे लागले. डोक्यावर पाठीवर ओझे वाहणारा माथाडी टोळीत काम करायचा, व्यापारी म्हणायचा हा माझा नोकर नाही, टोळीवाला म्हणायचा मी तर मधला माणूस. अपघात झाला तर जबाबदार कुणीच नाही. अण्णासाहेब पाटील यांनी मुंबईत, बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने पुण्यात जी संघटना बांधली, तिच्या रेट्यातून १९६९ चा माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा झाला. त्याची रचना मुळातून समजून घ्यावी. या कायद्याखालच्या माथाडी मंडळाकडे मालकाचीही नोंद होते आणि कामगाराचीही, कामगाराची त्याच्या स्वतःच्या नावाने. मजुरी मालकाने मंडळात भरायची, तिच्यावर ठरलेली लेव्ही भरायची, आणि मंडळाने ती कामगाराला द्यायची. लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, उपदान, रजा, औषधोपचार. दुकान बदलले, व्यापारी बदलला, तरी नोंद कामगाराबरोबर जाते. तिन्ही प्रश्नांची उत्तरे इथे चार्लस्टनच्या बरोबर उलट येतात. जगात थोड्या ठिकाणी असंघटित मजुराला इतकी विचारपूर्वक बांधलेली ओळख मिळाली असेल.

याला दोन आक्षेप आहेत आणि दोन्ही खरे आहेत. एक, माथाडीच्या नावाखाली खंडणी चालते. काम न करता टोळीच्या नावाने पैसे मागणारे, औद्योगिक वसाहतीत ट्रक अडवणारे लोक आहेत. उद्योजकांच्या तक्रारी खोट्या नाहीत. पण हे लोक कोण आहेत ते पाहिले की उपाय दिसतो. ते कायद्यातल्या नोंदीबाहेरचे आहेत, किंवा नोंद दुसऱ्याच्या नावे ठेवून राबवणारे आहेत. म्हणजे टोळीवाला मागच्या दाराने परत आला आहे. त्याला हटवायचे तर काम करणाऱ्याची नोंद अधिक पक्की करावी लागेल. मंडळे मोडली तर टोळीवाल्यालाच मोकळे रान मिळेल. दुसरा आक्षेप कांदा उत्पादकांचा. २०२४ च्या एप्रिलमध्ये हमाली, तोलाई आणि वाराई कुणी कापायची, लेव्ही कुणी भरायची या वादात नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्यांत कांद्याचे लिलाव अडले. लासलगाव, पिंपळगावच्या आवारात माल घेऊन येणारा शेतकरी विचारतो, सगळ्यांचे हक्क माझ्याच पट्टीतून का? प्रश्न रास्त आहे. खर्चाची वाटणी नव्याने बसवावी, व्यापाऱ्यावर जास्त भार टाकावा, वजनकाटे सुधारावेत. फक्त त्या भांडणाचा निकाल हमालाची नोंदच पुसून लावू नये. शेतकऱ्याला अडत्याच्या मर्जीतून सोडवण्यासाठी बाजार समितीचा कायदा झाला, हमालाला टोळीवाल्याच्या मर्जीतून सोडवण्यासाठी माथाडीचा. एकाचे रक्षण दुसऱ्याच्या नुकसानीतून करायची गरज नाही.

आता आजचे नाशिक. सातपूर आणि अंबडच्या वसाहतीत सकाळच्या पाळीला फाटकावर उभे राहिले की गळ्यातली ओळखपत्रे दिसतात. कायम कामगाराच्या पत्रावर कंपनीचे नाव, ठेकेदाराच्या कामगाराच्या पत्रावर ठेकेदाराचे. यंत्र तेच, काम तेच, अनेकदा वर्षेही तितकीच. ठेका बदलला की जुने पत्र जमा होते, नवे गळ्यात पडते आणि कामगार कागदावर पुन्हा पहिल्या दिवसाचा होतो. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती मूळ मालकाने द्यायची, ही जबाबदारी १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने घातली होती. पण आपण त्या कंपनीत किती वर्षे राबलो हे सिद्ध करायला कामगाराजवळ काय असते? तेच पत्र, जे त्याच्याकडून काढून घेतलेले असते. नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र द्यायचे बंधन आले. हे चांगले पाऊल आहे, मात्र नियुक्तिपत्र दर ठेक्याला नव्याने लिहिले जाणार असेल तर सेवेची सलगता त्याने सिद्ध होणार नाही. सलगता कशी जपावी याचे उदाहरण सरकारजवळच आहे. पूर्वी भविष्य निर्वाह निधीचा खातेक्रमांक आस्थापनेचा असायचा आणि नोकरी बदलली की जुने खाते मागे पडायचे, पैसे वर्षानुवर्षे अडकायचे. २०१४ पासून एकच सार्वत्रिक क्रमांक कामगाराला मिळाला आणि तो जन्मभर त्याच्याबरोबर राहतो. एका क्रमांकाची मालकी बदलली आणि लाखो लोकांचा अडकलेला पैसा त्यांच्या आवाक्यात आला. दुसरीकडे नागपूर महापालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळे बांधली. कामगार किती वेळ कुठे थांबला हे कार्यालयाला कळू लागले. जास्तीचे किती तास राबला याचा पुरावा म्हणून तीच नोंद कामगाराला वापरता येत नसेल, तर यंत्र नवे आणि नोंद जुनीच.

सर्वांत मोठी पोकळी द्राक्षबागांत आहे. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरीच्या पाड्यांवरून दिंडोरी आणि निफाडच्या बागांत टोळ्या येतात. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची छाटणी, पेस्ट लावणे, विरळणी, घड डिप करणे, काढणी. काम एकरी उक्ते ठरते. मुकादम पावसाळ्यात, घरात दाणा नसताना, उचल देतो. हंगामात ती कामातून फिटते. किती उचल घेतली, किती फिटली, किती दिवस काम झाले, हे सारे मुकादमाच्या वहीत असते. हिशेब एकाच्या वहीत आणि घाम दुसऱ्याचा, अशी ही मांडणी आहे. आता शेजारी दुसरी नोंद ठेवून पाहा. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांसाठी २००६ च्या सुमारास अपेडा या केंद्र सरकारच्या निर्यात संस्थेने ‘ग्रेपनेट’ ही नोंदव्यवस्था उभारली. कीडनाशकाच्या अंशांवरून माल अडकल्याचा धडा त्यामागे होता. आज निर्यातीच्या बागेचा प्रत्येक प्लॉट नोंदलेला असतो, फवारणी नोंदलेली असते, प्रयोगशाळेचा अहवाल नोंदलेला असतो. परदेशातल्या दुकानातली पेटी कोणत्या गावच्या कोणत्या प्लॉटमधून आली ते शोधता येते. निफाडच्या घडाला इतकी सलग ओळख आहे. तो घड विरळणाऱ्या, विषारी पेस्ट बोटांनी वेलीच्या डोळ्यांना लावणाऱ्या सुरगाण्याच्या बाईची त्या साखळीत एक ओळही नाही. द्राक्षाची नोंद करण्याइतकी हुशारी, पैसा आणि शिस्त आपल्या शेतकऱ्यांनी दाखवली आहे. म्हणून ‘इतकी कागदपत्रे शेतीत जमत नाहीत’ हा आक्षेप नाशिकपुरता तरी मला पटत नाही.

आणखी एक आक्षेप गंभीर आहे आणि त्याला टाळून चालणार नाही : गुलामीशी तुलना करणे हा ती भोगलेल्या माणसांचाही अपमान आहे आणि घाम गाळणाऱ्या शेतकऱ्यावर, लहान ठेकेदारावर अन्याय आहे. चार्लस्टनच्या चाकराला काम सोडून जाता येत नव्हते, त्याचे मूल विकले जात होते. आजच्या मजुराला कायदा, मत आणि न्यायालय आहे. हा फरक मोठा आहे आणि मी तो मान्य करतो. द्राक्ष बागायतदार स्वतः कर्जात असतो, अवकाळी पावसाने एका रात्रीत उद्ध्वस्त होतो. त्याला चार्लस्टनचा मालक म्हणणे चूक ठरेल. मी दुःखाची मापे जुळवत नाही; नोंद कुणाच्या बाजूने लिहिली आहे एवढेच तपासतो आहे. आणि फरक मोठा असला तरी तो आपोआप टिकत नाही. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये इगतपुरी तालुक्यातल्या कातकरी वस्तीतली दहा वर्षांच्या आसपासची मुलगी मरण पावली, तेव्हा उघडकीला आले की वस्तीतली मुले काही हजार रुपये आणि एखाद्या मेंढीच्या बदल्यात दुसऱ्या जिल्ह्यात मेंढरे राखायला दिली गेली होती. वेठबिगारीचे गुन्हे नोंदले गेले. वेठबिगारी संपवणारा कायदा १९७६ चा आहे. त्या मुलीच्या जन्माच्या कितीतरी आधीचा. ही मुले कोणत्याही हजेरीत नव्हती, ना शाळेच्या, ना कामाच्या. ज्याची कुठेच नोंद नाही त्याला उचलून नेणे सगळ्यांत सोपे असते. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये, दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरच्या मजुरांच्या प्रकरणात, किमान वेतनापेक्षा कमी पैशांत करून घेतलेले काम हे राज्यघटनेच्या तेविसाव्या अनुच्छेदाखाली सक्तीची मजुरीच ठरते असा निकाल दिला. भुकेची सक्ती ही सक्तीच, असे न्यायालयाने मानले. हा निकाल चाळीसहून अधिक वर्षे पुस्तकांत आहे. पाड्यावरच्या मजुराला तो वापरता यावा यासाठी आपण किती दिवस, किती मजुरीत काम केले याचा कागद त्याच्याजवळ हवा, आणि तोच त्याच्याजवळ नाही.

तेव्हा मागणी मोठी नाही. असंघटित कामगारांच्या ई-श्रम या सरकारी पोर्टलवर नोंदलेला क्रमांक मजुराच्या नावाचा आहे. २०२१ पासून तो मिळतो, पण त्यावर कुणी हजेरी लिहीत नाही. नाशिक जिल्हा प्रशासन, कामगार उपायुक्तांचे कार्यालय आणि आदिवासी विकास विभाग यांनी मिळून त्या क्रमांकाला जोडलेले साधे कार्ड काढावे. बागेचे नाव, मुकादमाचे नाव, एकरी दर, घेतलेली उचल, फिटलेली उचल, कामाचे दिवस. कार्ड मजुराजवळ राहील, दर आठवड्याला त्यावर बागायतदार आणि मुकादम दोघांची सही होईल, आणि वहीत व कार्डात फरक पडला तर कार्ड खरे धरले जाईल. निर्यात प्लॉटच्या नोंदणीवेळी जशी फवारणीची वही मागतात तशी या कार्डांची यादी मागावी. औद्योगिक वसाहतीत ठेकेदाराच्या ओळखपत्रावर मूळ कंपनीचे नाव आणि पहिल्या दिवसाची तारीख छापणे सक्तीचे करावे, आणि ठेका संपल्यावर ते पत्र काढून घेण्यास मनाई करावी. शरणपूरला आलेल्या आफ्रिकन मुलांची आठवण सांगणारा मराठी फलकही नाशिक महानगरपालिकेने तिथे लावावा. मोंबासाजवळच्या वसाहतीच्या इतिहासात नाशिक आहे, तर नाशिककरांनाही ते लोक ठाऊक असावेत. बाकीच्या कामाला मात्र तारीख आहे. ऑक्टोबर छाटणीच्या टोळ्यांची उचल भर पावसाळ्यात, पाड्यांवर ठरते. द्राक्ष बागायतदार संघाने आणि जिल्हाधिकाऱ्यांनी त्याआधी एकत्र बसावे आणि पहिले कार्ड उचल दिली जाते त्याच दिवशी, त्याच पाड्यावर मजुराच्या हातात द्यावे.